अनुदानाची भाषा

१९८२ साली केंद्र सरकारने ऊर्जेच्या नव्या साधनांसाठी एक स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि त्याच्या इंग्रजी नावाच्या आधाराने 'अपारंपरिक ऊर्जा' हा शब्द मराठीत रूढ झाला. भाषांतर म्हणून या शब्दात खोट काढता येणार नाही. परंतु ज्या समाजात पापड-कुरडया उन्हात वाळतात, खळ्यावरचे धान्य वाऱ्यावर उपणले जाते आणि गोवऱ्यांवर दूध तापते, त्या समाजाने ऊन, वारा व शेण यांना 'अपारंपरिक' म्हणावे आणि दोन-अडीच शतकांपूर्वी खाणीतून वर येऊ लागलेल्या कोळशाला 'पारंपरिक', यातली गंमत भाषेच्या अभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये. पुढे १९९२ मध्ये या विभागाचे मंत्रालय झाले. २००६ मध्ये मंत्रालयाचे नाव 'नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा' असे बदलले. 'अपारंपरिक' मात्र मराठी बोलण्यातून आणि कागदपत्रांतून अजून पुरता गेलेला नाही. परंपरा कोणाची, हे ठरवण्याचा अधिकार बिचाऱ्या भाषांतरकाराकडे नव्हताच. मूळ शब्द ज्यांनी घडवला त्यांनी तो आधीच वापरलेला होता.

ज्या वर्षी हा विभाग स्थापन झाला त्याच वर्षी मद्रासमध्ये सी. व्ही. शेषाद्री या अभियंत्याने विकास आणि उष्मागतिकी यांच्या संबंधाविषयी एक छोटे पण मूलगामी पुस्तक लिहिले. ऊर्जेची शास्त्रीय व्याख्या ही सर्वस्वी निरपेक्ष नसून उच्च तापमानावर चालणाऱ्या यंत्रांच्या गरजेतून ती घडली आहे. पाऊस पडणे, पान हिरवे होणे यांसारख्या सभोवारच्या तापमानावर घडणाऱ्या प्रचंड क्रिया त्या व्याख्येच्या हिशेबात क्षुल्लक ठरतात, असे त्यांचे म्हणणे. पर्याय म्हणून त्यांनी 'शक्ती' हा शब्द पुढे केला. शास्त्रज्ञांनी त्यांचे कितपत ऐकले हा प्रश्न वेगळा. भाषा व साहित्य यांच्या अभ्यासकांनी तर ते जवळजवळ ऐकलेच नाही, आणि वस्तुतः तो विषय निम्मा त्यांचा होता.

आज पर्यावरण आणि स्वच्छ ऊर्जा या क्षेत्रांत अनुदाने व अधिछात्रवृत्ती यांचा ओघ पूर्वीपेक्षा पुष्कळ मोठा आहे. केंद्रीय मंत्रालये आहेत, आंतरराष्ट्रीय निधी आहेत; २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले, आणि पर्यावरणरक्षण हे त्या कार्याच्या यादीत आहे. या सर्व पैशाला दार एकच असते: अर्ज. हा अर्ज बहुधा इंग्रजीत, फार तर हिंदीत लिहावा लागतो. त्याची छाननी त्याच भाषेत होते, आणि काम संपल्यावरचा अहवालही त्याच भाषेत जातो. ही गोष्ट कोणालाही वावगी वाटत नाही, कारण ती प्रशासनाची सोय समजली जाते. परंतु भाषा ही येथे पाकिटावरच्या पत्त्यापुरती नाही. कोणता प्रश्न 'प्रकल्प' ठरेल आणि कोणता प्रश्न नुसते गाऱ्हाणे ठरेल, याचा निर्णय अर्जाच्या शब्दांत आधीच होऊन गेलेला असतो.

मराठीपुरते पाहिले तरी गोंधळ पहिल्या शब्दापासून सुरू होतो. संशोधनासाठी वा प्रयोगासाठी दिलेल्या रकमेलाही मराठीत 'अनुदान' म्हणतात आणि खतावर, पंपावर किंवा गॅसच्या टाकीवर मिळणाऱ्या सवलतीलाही अनुदानच म्हणतात. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत व त्यांच्यामागे दोन वेगळी नाती आहेत. एकात देणारा आणि घेणारा मिळून काही शोधू पाहतात. दुसऱ्यात सरकार देते आणि लाभार्थी घेतो. मराठीत दोन्ही नाती एका शब्दात कोंबल्यामुळे गावातला माणूस अनुदानाकडे योजना म्हणूनच पाहतो. आपल्यालाही काही शोधायचे आहे आणि त्यासाठी कोणी पैसा देऊ शकेल, ही कल्पना त्याच्यापर्यंत पोचतच नाही. 'अधिछात्रवृत्ती' हा शब्द तर विद्यापीठाच्या आवाराबाहेर कोणी उच्चारलेला ऐकू येत नाही, आणि आवाराच्या आतही 'फेलोशिप' म्हणूनच काम चालते.

याचा परिणाम काय होतो हे चुलीच्या उदाहरणावरून दिसते. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तीन कोटींहून अधिक चुली देशभर बसवल्या गेल्या, आणि २००२ मध्ये केंद्राने त्यातून अंग काढून घेतले. हेतू उत्तम होता. लाकूड वाचावे, धूर घरातून बाहेर जावा, बाईचे डोळे व छाती शाबूत राहावी, याला कोण नाही म्हणेल? पण प्रयोगशाळेत चुलीची परीक्षा पाणी उकळून होत असे. ठराविक पाणी उकळायला किती लाकूड लागले, यावरून कार्यक्षमतेचे टक्के निघत. महाराष्ट्रातल्या ज्वारी-बाजरीच्या पट्ट्यातली बाई चुलीवर काही केवळ पाणी उकळत नाही. ती तव्यावरची भाकरी उतरवून चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांवर उभी करून शेकते, आणि तिथेच भाकरीला पापुद्रा सुटतो. मुख्य चुलीवर भाकरी चाललेली असताना शेजारच्या वैलावर आमटी मंद शिजत असते. ज्या चुलीचे तोंड अरुंद, ज्यात निखारे पुढे ओढायला जागा नाही, ती चूल टक्क्यांत कितीही सरस असो, भाकरीच्या दृष्टीने ती अपुरीच. मग बाई तिचे तोंड फोडून मोठे करते, आणि पाहणीच्या अहवालात नोंद होते की 'लाभार्थींनी रचनेत अनधिकृत बदल केले'.

येथे उणीव शास्त्राची नव्हती. निखाऱ्याला मोजमापाच्या भाषेत नाव नव्हते, एवढेच. 'वैल' हा शब्द ज्याला ठाऊक आहे तो मंद आचेची चौकशी केल्याशिवाय राहिला नसता. ज्याच्या प्रश्नावलीत फक्त 'बर्नरची संख्या' आहे त्याने दोन हा आकडा लिहिला आणि तो पुढच्या घरी गेला. चूल बसवण्याच्या खर्चात मिस्त्रीचे वेतन होते, पाइपाचे पैसे होते. भाकरी कशी शेकली जाते हे विचारून लिहून घेणाऱ्याचा खर्च बहुधा नसे, कारण ते 'तांत्रिक' काम नव्हते.

चुलीच्या बाबतीत नुकसान वाया गेलेल्या विटांचे झाले. जमिनीच्या बाबतीत ते अधिक खोल आहे. राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ १९८५ मध्ये स्थापन झाले. त्या नावातील मूळ इंग्रजी शब्द हा महसुली शब्द आहे. ज्या जमिनीवर सारा मिळत नाही ती वाया गेलेली जमीन, असा त्याचा इंग्रजी अमदानीतला अर्थ. पश्चिम राजस्थानातील मेंढपाळ मात्र त्याच जमिनीच्या मोठ्या भागाला 'ओरण' म्हणतो: देवाच्या नावाने राखलेले, कुऱ्हाड न लागणारे, पण गुरांना मोकळे असलेले रान. महाराष्ट्रातील देवराईशी त्याचे नाते जवळचे, तरी दोन्ही एक नव्हेत. देवराई हा बहुधा झाडांनी दाट भरलेला, लहानसा तुकडा. ओरण पुष्कळदा नुसते विस्तीर्ण गवत, त्यात विखुरलेली खेजडी व बोर. नकाशा काढणाऱ्याला झाडे दिसली नाहीत की तो 'पडीक' असा रंग भरतो. दख्खनच्या माळरानाचेही तेच झाले. धनगराच्या हिशेबात माळ म्हणजे हंगामाचा चारा. सरकारी वर्गवारीत माळ म्हणजे काहीच नाही. माळढोक पक्ष्याच्या मराठी नावातच त्याचे घर सांगितलेले आहे, परंतु वर्गवारी करणाऱ्याने नाव वाचले नाही.

स्वच्छ ऊर्जेचे प्रकल्प साहजिकच 'पडीक' जमिनीवर जातात, कारण तसे केल्याने शेतीचे नुकसान होत नाही असे अर्जात लिहिता येते आणि ते खरेही असते. जैसलमेर जिल्ह्यातील देगराय मातेच्या ओरणातून विजेच्या उच्च दाबाच्या तारा गेल्या. भारतीय वन्यजीव संस्थेच्या २०१८ मधील अंदाजानुसार थरच्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर क्षेत्रात तारांमुळे दरवर्षी सुमारे ८४ हजार पक्षी मरतात. माळढोकाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याचा व्यापक आदेश दिला आणि मार्च २०२४ मध्ये, सौर व पवन ऊर्जेची गरज लक्षात घेऊन, तो आदेश शिथिल करून तज्ज्ञांची समिती नेमली. सूर्यापासून वीज घेऊ नये असे येथे सुचवायचे नाही. कोळशाच्या विजेचीही किंमत पक्षी आणि माणसे दोघेही देतात. पण जर मूळ अर्जात 'पडीक' ऐवजी 'ओरण' हा शब्द आला असता, तर वाद न्यायालयात जाण्याच्या कितीतरी आधी, जागा निवडतानाच उपस्थित झाला असता.

आता हे शब्द अर्जात यावेत कसे? पूर्वी एक आडमार्ग होता. शहरातली एखादी मोठी, इंग्रजी जाणणारी संस्था परदेशी निधी मिळवी आणि खेड्यातल्या लहान संस्थेला त्यातून वाटा देई. मोठी संस्था अर्ज लिही, लहान संस्था काम करी. या व्यवस्थेत उपकाराचा वास होता आणि श्रेयाची वाटणीही सरळ नव्हती; तरीही तिच्यात दुभाष्याची एक भूमिका होती. २०२० मध्ये परदेशी देणग्यांसंबंधीच्या कायद्यात दुरुस्ती झाली व एका संस्थेने मिळालेला असा निधी दुसरीला देण्यास बंदी आली. त्याच दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आणली, म्हणजे अर्ज लिहिणाऱ्या व भाषांतर करणाऱ्या माणसाच्या पगाराला कात्री लागली. कायद्याचे हेतू काय होते याची चर्चा अन्यत्र पुष्कळ झाली आहे. दुभाषा गेला आणि त्याच्या जागी कोणी आले नाही, ही त्या चर्चेत फारशी न आलेली बाब.

पर्यावरणाच्या कारभारात भाषांतराची गरज सरकारला ठाऊक नाही असेही नव्हे. प्रकल्पाच्या परिणामांचा अभ्यास झाल्यावर जनसुनावणीपूर्वी त्याचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा, असे २००६ च्या अधिसूचनेतच म्हटले आहे. २०२० मध्ये याच अधिसूचनेचा नवा मसुदा निघाला, तेव्हा तो आठव्या अनुसूचीतील सर्व बावीस भाषांत प्रसिद्ध करावा असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला आणि केंद्र सरकार त्याविरुद्ध वर धावले. वाद चालू राहिला. पण त्यातून एक विसंगती स्पष्ट झाली. ज्याचे नुकसान होण्याचा संभव आहे त्याला त्याच्या भाषेत थोडेफार सांगण्याचे बंधन आहे. ज्याला स्वतः काही उभारायचे आहे, शोधायचे आहे, त्याचे त्याच्या भाषेत ऐकण्याचे बंधन कोणावर नाही.

ऐकता येत नाही असे म्हणावे, तर त्याला उलट पुरावा आहे. जागतिक पर्यावरण सुविधेचा लघु-अनुदान कार्यक्रम १९९२ पासून अनेक देशांत चालतो. अर्ज स्थानिक भाषेत स्वीकारण्याची त्याची रीत आहे. लिहिता न येणाऱ्या समूहांनी चित्रफितीतून प्रस्ताव मांडला तरी चालतो. राजस्थानात तिलोनियाच्या संस्थेने, जी १९७२ मध्ये स्थापन झाली, शाळा न पाहिलेल्या बायांना सौर दिवे जोडायला शिकवले. २००८ पासून भारत सरकारने परदेशी स्त्रियांच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च आपल्या तांत्रिक सहकार्य योजनेतून उचलला, तेव्हा आफ्रिकेतल्या आज्या तिथे येऊ लागल्या. शिकवणारी आणि शिकणारी यांच्यात सामाईक भाषा नाही. रंग, आकडे आणि हातवारे यांवर काम चालते. येथे थोडे सावध मात्र राहिले पाहिजे. भाषेवाचून दिवा जोडता येतो. दिवा कोणत्या घरी प्रथम लावावा, बिघडल्यास पैसे कोणी द्यावेत, या गोष्टी परतल्यावर त्या बाईला आपल्या गावाच्या भाषेतच सोडवाव्या लागतात. तिलोनियाने अर्जदाराच्या पात्रतेतून साक्षरता वगळली, हे तिचे मोठे धैर्य होय. भाषेचा प्रश्न त्यामुळे संपला असे नव्हे.

तो प्रश्न खऱ्या अर्थाने हाती घेतला केरळने. १९६२ मध्ये कोळिकोड येथे मलयाळम् भाषेत विज्ञान लिहिणाऱ्यांची एक परिषद निघाली. तिच्या नावातच 'शास्त्र' आणि 'साहित्य' हे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत. प्रारंभी ती लेखकांची संघटना होती. लिहिता लिहिता परिषद शाळांत गेली, पंचायतींत गेली, सायलेंट व्हॅलीच्या लढ्यात उतरली, आणि १९८०च्या दशकात तिने स्वतःची धूरविरहित चूलही घडवली. तिच्या खर्चाचा मोठा भाग पुस्तकांच्या विक्रीतून निघत आला, ही गोष्ट अनुदानाच्या चर्चेत मुद्दाम ध्यानात घेण्याजोगी आहे. सायलेंट व्हॅलीच्या वादात सुगतकुमारी आणि त्यांच्यासह अनेक मलयाळम् कवी उभे राहिले. जलविद्युत प्रकल्प मागे पडला आणि १९८४ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. कवींमुळे धरण थांबले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. शास्त्रज्ञांची आकडेवारी, दिल्लीतले राजकारण, सारे त्यात होते. परंतु आकडेवारी आणि कविता एकाच भाषेत, कित्येकदा एकाच व्यासपीठावरून वाचली गेली. मराठीत विज्ञान परिषद १९६६ पासून आहे व तिचे कार्य थोर आहे. तरीही मराठी विज्ञानलेखनाचा ओढा इंग्रजीतील ज्ञान मराठीत आणण्याकडे अधिक राहिला. पांझरेच्या काठचा पाटकरी आणि जागल्या फड पद्धतीचे पाणी कसे वाटतात, हे त्यांच्या शब्दांत टिपून पुढे इंग्रजीत, हिंदीत वा तमिळमध्ये नेण्याचे काम क्वचित झाले.

हिंदीत ते एका माणसाने केले. अनुपम मिश्र यांचे तलावांवरील 'आज भी खरे हैं तालाब' हे पुस्तक १९९३ मध्ये निघाले आणि त्यावर त्यांनी स्वामित्वहक्क ठेवला नाही. आगौर, पाल, नेष्टा, गजधर असे तलावाच्या अंगांचे व ते बांधणाऱ्यांचे शब्द हाच त्या पुस्तकाचा कणा आहे. अनेक भारतीय भाषांत त्याची भाषांतरे झाली. एखाद्या निधीच्या परीक्षकापुढे 'तलावाशी संबंधित शब्दांचे संकलन' असा प्रस्ताव गेला असता, तर तो बहुधा 'साहित्य विभागाकडे पाठवावा' असा शेरा घेऊन परत आला असता. आणि साहित्य विभागाने तो 'जलसंधारणाकडे' पाठवला असता.

या दुसऱ्या शेऱ्याबद्दल अधिक बोलले पाहिजे. दोष निधी देणाऱ्यांचाच आहे असे मानणे भाषाविभागांना सोयीचे आहे. विद्यापीठांतील भारतीय भाषांच्या विभागांनी 'पर्यावरण आणि साहित्य' या विषयावर चर्चासत्रे पुष्कळ घेतली. कादंबरीतली नदी आणि कवितेतले झाड यांवर प्रबंधही झाले. पण खऱ्या नदीवरच्या अर्जात कोणते शब्द जातात, हे पाहणे त्यांना आपले काम वाटले नाही. २००८ पासूनच्या राष्ट्रीय अनुवाद अभियानाचा मुख्य प्रवाहही ज्ञानग्रंथ इंग्रजीतून भारतीय भाषांकडे नेण्याचाच आहे. उलट दिशेने, ओरणातून मंत्रालयाकडे, किंवा आडव्या दिशेने, मलयाळम् चुलीकडून मराठी चुलीकडे जाणाऱ्या वाटेवर नियमित वर्दळ नाही.

आक्षेप येतील. परीक्षक बावीस भाषा कोठून आणणार? त्याला उत्तर असे की एका परीक्षकाने बावीस भाषा जाणण्याची गरजच नाही. प्रत्येक अर्जामागे विषयाचा एक आणि त्या भाषेचा एक असे दोन परीक्षक बसू शकतात, आणि दुसरा परीक्षक पुरवण्याची शक्ती केंद्रीय विद्यापीठांजवळ आहे. यंत्रानुवाद आता झपाट्याने सुधारत आहे, मग माणसाची गरज काय, असेही म्हटले जाईल. यंत्राला जे पूर्वी पुष्कळदा लिहिले गेले आहे तेच सहज नेता येते. जो शब्द कधी कागदावर आलाच नाही तो त्याने न्यावा कसा? तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. मराठीत अर्ज मागवला म्हणून तो सुबोध होईल याची हमी नाही. ज्याने शासननिर्णयांची मराठी वाचली आहे त्याला हे सांगायला नको. 'उपयोगिता प्रमाणपत्र' सादर करा असे सांगितल्यावर मराठी माणूसही इंग्रजी शब्द विचारतो. म्हणून प्रश्न केवळ अर्जाच्या भाषेचा न राहता अर्जातील रकान्यांचा होतो. शब्द गोळा करणे, लोकांशी बोलून ते तपासणे आणि भाषांतर करणे यांसाठी प्रत्येक पर्यावरणप्रकल्पाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र रकाना असावा, आणि तो 'किरकोळ' या शीर्षाखाली नसावा. अधिछात्रवृत्तींतही भाषेचा पदवीधर आणि अभियांत्रिकीचा पदवीधर यांना एकाच प्रकल्पावर जोडीने घेता यावे. सुधारित चुलींच्या काळात अशी जोडी कोणी नेमली असती तर ती फारशी खर्चाची झाली नसती.

याची निकड पुढच्या काळापुरती नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील देवरानांविषयी निकाल दिला. ओरण, देव-वन, रूंध अशा निरनिराळ्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या प्रत्येक रानाचे उपग्रहाद्वारे आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन नकाशे करावेत व त्यांना वनांचा दर्जा द्यावा, असे राज्याच्या वनखात्याला सांगितले. एकाच वस्तूची तीन-चार नावे न्यायालयाने आपल्या निकालात घेतली, ही साधी गोष्ट नव्हे. आता मोजणीसाठी पथके लागतील. उपग्रहाचे चित्र वाचणारा लागेल, सीमा आखणारा लागेल. ओरणाची सीमा पुष्कळदा दगडाने नव्हे तर एखाद्या कथेने सांगितलेली असते: देवीची गाय इथवर चरत आली, कोणा पूर्वजाने दुधाची धार इथवर सोडली. ती कथा मारवाडीत सांगणारा म्हातारा आणि ती ऐकून नकाशावर रेघ ओढणारा सर्वेक्षक, यांच्यामध्ये कोण बसणार आणि त्याचे मानधन कोणत्या शीर्षाखाली निघणार, हे पथकांच्या नेमणुकांपूर्वीच ठरायला हवे.